समुपदेशनाचा डिप्लोमा, कोल्हापूर: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

शनिवार-रविवारचे वर्ग, वर्षभराचा कोर्स, कुठल्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश. कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजहून नोकरी सांभाळून येणाऱ्याला पूर्णवेळ एमए किंवा एमएसडब्ल्यू जमत नाही, म्हणून बहुतेकांची गाडी इथंच येऊन थांबते. मत आधीच सांगून टाकतो: थिअरी ठीक, प्रात्यक्षिक चांगलं, आणि सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकानं आपलं काम तपासून देणं) जेवढं मिळेल तेवढाच कोर्स खरा. नुसत्या प्रमाणपत्रासाठी फी भरणार असाल तर पैसे जपून ठेवा.

या डिप्लोमावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं शिक्षण आणि परिषदेकडची नोंदणी लागते. निदान करणं, गोळ्या बदलायला सांगणं हे आपलं काम नाही. प्रवेशाच्या वेळी हे कुणी ठणकावून सांगत नाही, आणि मग सहा महिन्यांत पाटी रंगवायला टाकणारे निघतात.

थिअरीत समुपदेशनाच्या पद्धती घडवणारे रॉजर्स, एलिस, बेक. कि. मो. फडके यांच्यामुळे एलिसची विवेकनिष्ठ पद्धत (अविवेकी समजूत तपासून बदलण्याची) मराठीत चांगली रुजली आहे, त्यामुळे तो पेपर सगळ्यांना सोपा जातो. घोटाळा तिथंच होतो. घटना, समजूत आणि परिणाम ही साखळी पाठ झाली की शिकाऊ माणूस पहिल्याच भेटीत समोरच्याची समजूत खोडायला बसतो. वाद जिंकतो आणि क्लायंट परत येत नाही. पहिल्या दोन-तीन भेटी रॉजर्सच्या, म्हणजे ऐकण्याच्या, एलिस त्यानंतर.

प्रात्यक्षिक तिघांच्या गटात चालतं: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. 15 मिनिटं संवाद, 5 मिनिटं निरीक्षकाची, मग अदलाबदल. तासाभरात तिघांची पाळी होते. क्लायंट झालेला विद्यार्थी हमखास मालिकेतलं दुःख आणतो, दारुडा नवरा, छळणारी सासू. त्यात अभिनयच जास्त होतो. रजा मंजूर झाली नाही, भावानं फोन उचलला नाही, असलं छोटं पण खरं काहीतरी आणायला लावा. आणि निरीक्षकाला "छान झालं" म्हणायला बंदी. त्यानं फक्त रेघा मारायच्या: हो-नाहीत उत्तर येणारे प्रश्न किती, सल्ले किती, मध्येच तोडलेली वाक्यं किती.

या कोर्सचा जीव मात्र व्हर्बेटिममध्ये आहे. परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं, त्यातली 10 मिनिटं शब्द न् शब्द उतरवून काढायची. तासभर सहज जातो, म्हणून लोक आठवणीतून लिहितात. तसं करू नका. आठवण आपली बाजू सावरून घेते, रेकॉर्डिंग सावरत नाही. पानाचे तीन रकाने करायचे: क्लायंट काय म्हणाला, आपण काय म्हणालो, त्या क्षणी मनात काय आलं. सरावातला नमुना बघा:

आई: "पोरगं दहावीला हाय. अभ्यासाचं नाव काढलं की तोंड फिरवतंय. मी बोलायचंच सोडलंय आता."

शिकाऊ: "मोबाइल किती वेळ बघतो?"

तिसऱ्या रकान्यात: "मोबाइलच कारण असणार."

बाई शेवटच्या वाक्यात स्वतःबद्दल बोलली आणि आपण पोराच्या मागं धावलो. "बोलायचंच सोडलंय म्हणताय. दमलाय तुम्ही," एवढं म्हणून पाच-सहा सेकंद गप्प बसलं असतं तर सेशन पुढं सरकलं असतं. उलटी चूकही तितकीच होते: "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की..." हे प्रत्येक वाक्याला चिकटवणं. क्लायंट "तेच तर सांगायलोय की!" म्हणाला, की पोपटपंची सुरू झाली समजा.

रेकॉर्डिंगची फाइल फोनमधून आपोआप क्लाउडवर जात असेल तर ते आधी बंद करा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. नावं, गाव, शाळा वहीत बदला आणि सुपरव्हिजन झालं की फाइल पुसा.

चाचण्यांत पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली शिकवतात. 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 27. बेरीज 10 किंवा वर गेली की पुढच्या तपासणीला पाठवण्याचा विचार. शिकाऊ माणूस नुसती बेरीज बघतो. बेरीज 7 आली, "सौम्य" लिहिलं, फाइल बंद. पण नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं 1 जरी आला तरी बेरीज बाजूला ठेवून त्याच बैठकीत सरळ विचारायचं: विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, घरी सोबत कोण आहे. विचारल्यानं डोक्यात नवं काही घुसत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कागदावर लिहून द्या, पण तेवढ्यावर सोडू नका; सुपरव्हायझरला त्याच दिवशी कळवा.

फील्डवर्कला शाळा मिळाली तर जागेचं भांडण आधी मिटवा. स्टाफरूमच्या कोपऱ्यात समुपदेशन होत नाही, आणि शिक्षा म्हणून पाठवलेलं पोर तोंड उघडत नाही. मुख्याध्यापक "काय म्हणाली ती?" विचारणारच. सुरुवातीलाच लेखी ठरवा की शाळेला फक्त भेटीच्या तारखा आणि शिफारस कळेल. मुलाला मात्र "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द कधी देऊ नका. 2012 च्या पॉक्सो (बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या) कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, न दिल्यास कलम 21 खाली शिक्षा. ही मर्यादा बोलणं सुरू होण्याआधी सांगायची, नंतर सांगितली तर तो विश्वासघातच.

कोल्हापूर तसं छोटं. "कुठलं गाव? कुणाचं?" झालं की दुसऱ्या मिनिटाला पाहुण्यांतलं नातं निघतं. निघालं तर केस दुसऱ्याकडं द्यावी. "घरचंच माणूस हाय, त्यात काय" म्हणून घेतलेली केस पुढं जत्रेत, लग्नात समोर येते, आणि दोघांनाही नजर चुकवावी लागते.

तक्रार एकच, पण मोठी. सुपरव्हिजनच्या गटात पंधरा-पंधरा जण बसवले तर दोन तासांत प्रत्येकाला 8 मिनिटं मिळतात, त्यात एक व्हर्बेटिमही नीट वाचून होत नाही. सहा जणांचा गट असेल तर 20 मिनिटं येतात, काम होतं. प्रवेश घेण्याआधी ऑफिसात हेच विचारा: गट किती जणांचा, सुपरव्हायझर स्वतः क्लायंट बघतात का, रेकॉर्डिंग ऐकतात की नुसती वही सही करतात. फील्डवर्कचं पत्र कॉलेज देतं की जागा आपणच शोधायची, हेही. पत्र दिवाळीआधी हातात पडायला हवं. जानेवारीनंतर दहावी-बारावीची गडबड सुरू होते आणि शाळा नवीन माणसाला दारात उभं करत नाहीत.