प्रोटीन डेटा बँक: प्रथिनांच्या मोजमापांचे खुले भांडार
१९७१ साली प्रथिनांच्या अवघ्या सात त्रिमितीय रचनांवर सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक आज दोन लाखांहून अधिक रचना कोणालाही विनामूल्य पाहू देते, आणि जीवरसायनशास्त्र शिकवताना मला तिच्याइतका भक्कम आधार दुसरा सापडलेला नाही. ‘४एचएचबी’ हा संकेतांक टाकला की मानवी हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या पडद्यावर उलगडतात. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन धरणारा भाग, त्याच्या कड्याच्या मधोमध बसलेला लोहाचा अणू अगदी जवळून न्याहाळता येतो, आणि ही रचना क्ष-किरणांनी १.७४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश) रिझोल्यूशनला, म्हणजे इतक्या बारकाव्याने, मोजल्याची नोंदही तिथेच मिळते. मला सर्वाधिक मोल वाटते ते रचनेसोबत मिळणाऱ्या पडताळणी अहवालाचे, कारण रेखीव चित्राचा कोणता भाग मोजमापाशी नीट जुळत नाही, हे तो लपवत नाही. क्ष-किरणांनी मोजलेल्या बहुतेक रचनांत हायड्रोजनचे अणू दिसत नाहीत, एवढे मात्र नवख्याला आधी सांगावे.