९७ ऑर्चर्ड स्ट्रीट: ब्रिजेट मूरच्या बिऱ्हाडात एक तास

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला येऊन मला पाच महिने होत आले. परतीच्या आधी एक दिवस तिनं बाळाला जावयांकडे सोपवलं आणि मला मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला घेऊन गेली. "उंच इमारती खूप बघितल्यास, आता एक घर बघ," म्हणाली. ते घर म्हणजे टेनेमेंट म्युझियम. मी एकोणतीस वर्षं सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. म्हणून तिनं तिथल्या टूर्सपैकी नेमकी जोसेफ आणि ब्रिजेट मूर या आयरिश जोडप्याच्या कुटुंबाची, १८६९ सालची टूर निवडली होती.

टेनेमेंट म्हणजे भाड्याची चाळच. ल्यूकस ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्यानं १८६३ साली ती बांधली. पाच मजले, एकेका मजल्यावर चार बिऱ्हाडं. १९३५ साली वरचे भाडेकरू काढले आणि खोल्या तशाच बंद पडून राहिल्या. म्युझियम सुरू झालं १९८८ साली. भिंतींवर कागदावर कागद चिकटवलेले आहेत, थरावर थर. प्रत्येक थर म्हणजे कुणाचं तरी बिऱ्हाड.

गाईड मुलगी तरुण होती, पण घाई अजिबात नाही. आधी प्रश्न विचारायची, आमचं ऐकून घ्यायची, मग सांगायची. एका गृहस्थांनी विचारलं, हे लोक एलिस आयलंडवरून आले का? तर नाही. एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून आलेल्यांना तपासून देशात घेणारं न्यूयॉर्कचं बेट, उघडलं १८९२ साली. जोसेफ आणि ब्रिजेट त्याच्या कितीतरी आधीचे, तेव्हा आयर्लंडची माणसं मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या जुन्या केंद्रात, कॅसल गार्डनला उतरायची. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि सात वर्षांत तिकडे सुमारे दहा लाख माणसं मेली. आणखी दहा लाखांवर देश सोडून गेली. हे दोघं दुष्काळ ओसरल्यावर आले, पण बालपण त्यातच गेलेलं. जोसेफ वेटरचं, दारूच्या गुत्त्यात वाढप्याचं, असं मिळेल ते काम करायचा. आजूबाजूची वस्ती जर्मन, त्यात हे आयरिश. आयरिश मोलकरणींना तेव्हा सरसकट 'ब्रिजेट' किंवा 'बिडी' म्हणायचे. जिचं खरंच नाव ब्रिजेट, तिला ते कसं लागत असेल?

मूर कुटुंबाचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तरी चढायचं ते चढायचंच, लिफ्ट नाही. जिना अरुंद, उजेड बेताचा. मी कठडा धरून चढत होते आणि गाईड सांगत होती की १८६९ मध्ये घरात नळ नव्हता. पाणी मागच्या आवारातल्या पंपावरून आणायचं. संडासही तिथेच, पंपाजवळ. म्हणजे स्वयंपाक, धुणं, पोरांच्या अंघोळी, सगळ्याचं पाणी बादलीनं या जिन्यावरून वर चढवायचं आणि सांडपाणी परत खाली न्यायचं. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो. मी नुसती पर्स घेऊन चढले तरी मधल्या वळणावर थांबले.

तीन खोल्या, सगळ्या मिळून सुमारे ३२५ चौरस फूट. खिडक्या फक्त बाहेरच्या खोलीला. आतल्या दोन खोल्यांत दिवसाही अंधार. बाहेरच्या खोलीत टेबलावर एक छोटी शवपेटी ठेवली आहे. ब्रिजेटच्या मुलीची, ॲग्नेसची. वय पाच महिने. एप्रिल १८६९.

मी आयुष्यात खूप बाळं गेलेली बघितली आहेत. तरी ती पेटी बघून माझा हात आपसूक लेकीच्या हाताकडे गेला. तिचं बाळही पाच महिन्यांचंच. ती काही बोलली नाही, मीही नाही.

गाईडनं मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण सांगितलं: मरॅस्मस. आमच्या वॉर्डात आम्ही त्याला सुकटी म्हणायचो. मांडीची कातडी सैल होऊन चुण्या पडतात, गालफडं बसतात, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागतो. बाळ रडतं तेही क्षीण. ज्यानं ते एकदा पाहिलं, त्याला नाव सांगावं लागत नाही. त्या काळी दाखल्यावर हा शब्द लिहिला म्हणजे एवढंच कळायचं की बाळ झिजत झिजत गेलं. का झिजलं, ते दाखला सांगत नाही.

त्यामागची शक्यता ही टूर सांगते, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसले. न्यूयॉर्कच्या दारू गाळण्याच्या कारखान्यांना लागूनच गाईंचे गोठे असायचे. भट्टीतला उरलेला गरम चोथा त्या गाईंना घालायचे. गाई रोगट, अंगावर फोड, शेपट्या झडलेल्या. त्यांचं दूध पातळ, निळसर दिसायचं, म्हणून ते पांढरं दिसावं यासाठी त्यात खडू, पीठ, प्लास्टर घालायचे आणि गाडीवर 'शुद्ध गावाकडचं दूध' लिहून दारोदार विकायचे. फ्रँक लेस्लीच्या साप्ताहिकानं १८५८ साली हे सगळं चित्रांसकट छापलं होतं. ॲग्नेसच्या आधी अकरा वर्षं! ॲग्नेस नेमकी त्याच दुधानं गेली असं गाईडनं छातीठोकपणे सांगितलं नाही, शक्यता म्हणून सांगितलं. तो प्रामाणिकपणा मला आवडला. नेथन स्ट्रॉस नावाच्या व्यापाऱ्यानं याच शहरात गरिबांसाठी पाश्चराइज केलेल्या दुधाची केंद्रं सुरू केली १८९३ साली. चोवीस वर्षांनी.

माझ्या नोकरीत मी पहिला प्रश्न नेहमी आईलाच विचारलेला ऐकला. काय पाजलंस? कधीपासून पाजलं नाहीस? मीसुद्धा विचारला आहे, तोही चढ्या आवाजात. ब्रिजेटनं दूध विकत घेतलं असेल तर पदरचे पैसे मोजून, बाळाच्या पोटात चार घोट जावेत म्हणून. ती स्वतः काय खात होती, तिला दूध येत होतं का, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या खोलीत उभं राहून मला माझ्या वॉर्डातल्या दोन-तीन आया लख्ख आठवल्या. त्यांची माफी मागायला हवी होती.

जुन्या आयरिश घरात माणूस गेलं की घड्याळ त्या वेळेवर थांबवायचे आणि आरसे झाकायचे, हेही तिथेच कळलं. मग शेजारीपाजारी, नातेवाईक रात्रभर प्रेताजवळ बसायचे. या खोलीत इतकी माणसं कशी मावली असतील, या विचारात मी भिंतीला लागून उभी होते. मला अजून थांबायचं होतं, पण पुढचा गट जिन्यात आला होता.

खाली उतरल्यावर लेकीनं रस्त्यातच जावयांना फोन लावला. बाळानं दूध घेतलं का, किती घेतलं, झोपलंय का. तीनदा विचारलं.

जाणार असाल तर काही गोष्टी. टूर साधारण तासाभराची असते, वेळ आधीच ऑनलाइन ठरवून घ्या. डिलान्सी स्ट्रीट-एसेक्स स्ट्रीट स्टेशनला उतरलं की चालत पाच मिनिटंही लागत नाहीत. तिकीट १०३ ऑर्चर्ड स्ट्रीटच्या दुकानवजा केंद्रात मिळतं. बुक करताना कुटुंबाचं नाव नीट बघा, कारण तिथे १८६९ सालचीच आणखी एक टूर आहे. त्या काळच्या शहराच्या डिरेक्टरीत जोसेफ मूर नावाचे दोघं सापडले, एक हा आयरिश आणि दुसरा कृष्णवर्णीय. त्या दुसऱ्याचं, त्याच्या बायकोचं, रेचेलचं बिऱ्हाडही म्युझियमनं याच इमारतीत उभं केलं आहे. आम्हाला ते बघायला जमलं नाही. पुढच्या खेपेला आधी तेच बघायचं असं ठरवलं आहे.

गुडघे दुखत असतील तर सोबतीला कुणीतरी घ्या. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला नेणार असाल, तर त्या पेटीबद्दल तिला आधी सांगून ठेवा. माझ्या लेकीला मी सांगू शकले नाही, मलाच ठाऊक नव्हतं.

अंगात त्राण असेल तर त्याच दिवशी बॅटरी पार्क सिटीतलं आयरिश हंगर मेमोरियल बघा. मेयो परगण्यातलं एक दगडी घर उचलून तिथे, नदीकाठी आणून बसवलं आहे. वर छप्पर नाही. आम्ही संध्याकाळी गेलो, वारा सुटला होता, आणि त्या घराच्या दारात एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभी होती.