पर्वती पायथा: गल्लीतली अंगणवाडी बरी की मनपाची बालवाडी?

पुण्यात पर्वती पायथा, जनता वसाहत, दांडेकर पूल या पट्ट्यात ३ ते ६ वयाच्या मुलाला फी न भरता घालायचं तर गल्लीतली अंगणवाडी किंवा महापालिकेच्या शाळेतली बालवाडी. लोक दोन्हींना 'सरकारी' म्हणून मोकळे होतात, पण कारभार वेगळा. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास खात्याची. तिथली तक्रार आधी पर्यवेक्षिकेकडे, मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. बालवाडीसाठी मुख्याध्यापकांना गाठा.

जागेत बालवाडी सरळ पुढे. पक्की इमारत, मैदान, नळाचं पाणी. फक्त शौचालय मोठ्या मुलांच्या मापाचं असतं, तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला कोण घेऊन जातं ते विचाराच. वस्तीतल्या अंगणवाडीची खोली बऱ्याचदा भाड्याची, १० बाय १० ची. वीस मुलं बसली की गोल करून खेळायला जागा उरत नाही. वर पत्रा असेल तर एप्रिलमध्ये अकरानंतर मुलं पेंगतात, तो दोष शिकवण्याचा नाही.

खाणं आणि वजन यांत मात्र अंगणवाडीला तोड नाही. ३ ते ६ वयोगटाला रोज ठरलेले उष्मांक आणि प्रथिनं मिळतील असा नाश्ता आणि गरम आहार द्यायचा, हा नियमच आहे. शहरात तो बहुतेक ठिकाणी बचत गट बनवून पाठवतात आणि घोळ तिथेच होतो: डबा उशिरा आला की खिचडीचा गोळा होतो, मुलं डाळ बाजूला सारून भात खातात. आहार वाटायच्या वेळीच जाऊन बघा. वजन महिन्याला होतं. काटा आधी शून्यावर आणला का, बूट-स्वेटर काढले का, हे पाहा. स्वेटरसकट केलेलं वजन डिसेंबरात फुगतं आणि मार्चमध्ये मूल उगाच 'घटलेलं' दिसतं. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर १२.५ सेंमीहून कमी भरला तर सेविकेशी लगेच बोला, ११.५ च्या खाली असेल तर थेट डॉक्टर. बालवाडीत घालणार असाल तर शाळेच्या पोषण आहारात ती मुलं धरली आहेत का, हे मुख्याध्यापकांकडूनच कळेल.

शिकवणं पाटीवरून कळत नाही. चार वर्षांच्या मुलांकडून १ ते १०० लिहून घेणारा वर्ग पालकांना आवडतो, आमच्या मते तो वाईट वर्ग. मणी ओवणं, माती मळणं, जाड खडूने रेघोट्या मारणं, रोज एक गोष्ट, हे दिसलं तर निर्धास्त राहा. अंगणवाडीत सगळी वयं एकत्र बसतात. सेविका सर्वेक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेली की वर्ग मदतनीस ताईंच्या भरवशावर, म्हणजे त्या दिवशी आहार आणि घरी. महिन्यातून असे दिवस किती, ते शेजारच्या आयांना विचारा, खरं उत्तर तिथेच मिळतं. बालवाडीत लहान गट, मोठा गट वेगळे असतील तर मोठ्या मुलाचा फायदा होतो.

वजन कमी असेल किंवा मूल जेमतेम तीनचं असेल तर अंगणवाडी. चार पूर्ण झाली असतील आणि मोठं भावंड त्याच शाळेत असेल तर बालवाडी. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलाचं एक वर्ष जास्त जातं, ते धरूनच गट ठरवा. अंगणवाडीत नाव वर्षभर घालता येतं, बालवाडीसाठी जूनच्या आधी शाळेत जाऊन या. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड यांच्या झेरॉक्स सोबत असू द्या.