मराठी इंद्रजाल कॉमिक्स ऑनलाइन कुठून घ्यायचे: वर्षभराचा अनुभव, आणि मधल्या पानाचा फोटो का मागायचा

एका मोठ्या शॉपिंग ॲपकडून माझे पैसे गेल्या आठवड्यात अखेर परत आले, जवळपास महिनाभर भांडल्यावर, म्हणून आता हे सविस्तर लिहूनच टाकतो. ॲपचं नाव घेत नाही कारण प्रश्न त्या एकाचा नाहीये. जुने मराठी इंद्रजाल, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाल्यांच्या चित्रकथांचे अंक, ऑनलाइन मिळतात तरी किती प्रकारच्या ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी भाव वेगळा, कंडिशन सांगायची पद्धत वेगळी आणि माल खराब निघाला तर दाद कुठे मागायची ते पण वेगळं. मी वर्षभर सगळीकडून थोडं थोडं घेऊन बघितलंय. मुख्यतः बहादूर या नायकाचे, म्हणजे डिसेंबर १९७६ पासूनचे, आणि बजेट उरलं तर वेताळ (फँटम) नाहीतर जादूगार मँड्रेक यांचे. ते टाइम्सवाल्यांनी कधी काढलं, १९९० ला कसं बंद पडलं या इतिहासात इथे शिरत नाही.

तर झालं असं. बहादूरचा अंक, "एक्सलंट कंडिशन", ६५० रुपये अधिक पाठवणावळ. फोटो दोनच, पुढचं कव्हर आणि मागचं कव्हर. अंक आला, कव्हर खरंच झकास, चकाकतंय. उघडला तर दोन्ही पिना गंजून भुगा झालेल्या, गंजाचा तपकिरी डाग आतल्या चार-पाच पानांवर उतरलेला आणि मधला कागदच गायब. मधला कागद म्हणजे चार पानं. गोष्ट ऐन रंगात आलीय आणि तिथून एकदम भलतीकडेच. रिटर्न टाकला तर उत्तर आलं की जुन्या वस्तू नॉन रिटर्नेबल. चॅटवर रोज नवीन माणूस, रोज पहिल्यापासून सांगायचं, रोज तेच फोटो परत अपलोड करायचे.

शेवटी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० वाचून काढले आणि सरळ त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, जाहिरातीत सांगितलं त्यापेक्षा वेगळी किंवा सदोष वस्तू आली तर ॲपवरचा विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही, वस्तू जुनी असली तरी. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला लागते आणि निकाल महिन्याभरात. सोबत १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून तिचा नंबर पण मेलमध्ये टाकला. त्यानंतर पैसे आले. ६५० रुपयांसाठी एवढं कशाला असं घरचे म्हणत होते, पण चार पानं नसलेला अंक "एक्सलंट" म्हणून विकायचा आणि वर नियम आपल्यालाच शिकवायचे हे मला सहन होत नाही.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत झालंय की जुनं कॉमिक कुठून घ्यायचं हे भावावरून, रेटिंगवरून किंवा ओळखीवरून ठरवूच नका, एकच गोष्ट बघा. विक्रेत्याला सांगा, अंक बरोबर मधोमध उघडून पिनांसकट फोटो पाठवा. जो पाठवतो त्याच्याकडून घ्या, जो टाळाटाळ करतो त्याला सोडा. त्या एका फोटोत किती गोष्टी कळतात बघा. पिना गंजल्यात का ते कळतं. मधला कागद जागेवर आहे का ते कळतं, आणि पिना सैल झाल्या की पहिला गळणारा कागद तोच असतो. अंक मराठीच आहे ना हे पण कळतं, कारण महाराष्ट्राबाहेरचे विक्रेते हिंदी अंक बिनधास्त मराठी म्हणून टाकतात, दोन्ही देवनागरीच असल्यामुळे त्यांना फरक दिसतच नाही. आणि चौथी गोष्ट बाइंडिंगची, तिच्यावर जरा जास्त लिहितो.

आपल्याकडे घरोघरी कॉमिक्स बाइंड करून ठेवायची पद्धत होती, दहा-बारा अंक एकत्र शिवायचे, वर पुठ्ठा आणि कापड, आणि बाइंडर तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचा. वाचनालयांनी तर सर्रास केलं. त्यामुळेच कित्येक अंक आजपर्यंत टिकले, हे मान्य. पण आता व्यापारी ते बाइंडिंग उसवून एकेक अंक सुटा करून विकतात आणि कुठेच लिहीत नाहीत. असा अंक फोटोत एकदम नवा दिसतो कारण कडा ताज्या कापल्यासारख्या सरळ असतात. हातात आल्यावर बघाल तर उंची-रुंदी काही मिलिमीटर कमी, वरच्या ओळीतल्या संवादाच्या फुग्यांची टोकं छाटलेली आणि पाठीजवळ शिलाईची भोकं. ही भोकं मधल्या पानाच्या फोटोत पिनांच्या शेजारी स्पष्ट दिसतात. बाइंडिंगमधला अंक घेऊच नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः घेतो, पण तो निम्म्या भावात मिळाला पाहिजे आणि तसं लिहिलेलं पाहिजे.

पिनांबद्दल एवढं का सांगतोय तर आपली हवा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातला कागद ओलावा धरतो, साधी लोखंडी पिन गंजते, गंज कागदात उतरतो आणि तो कागद पिनेभोवती इतका ठिसूळ होतो की पान उलटताना तिथेच तुटतं. पिवळेपणा मला चालतो. न्यूजप्रिंटसारखा स्वस्त कागद पिवळा पडणारच, लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं त्यात, उजेड आणि हवा लागली की रंग बदलतोच. कुणाचं नाव लिहिलेलं असेल, वाचनालयाचा शिक्का असेल, ते पण चालतं, उलट शिक्का मला आवडतो. पण गंज थांबत नाही, तुमच्या कपाटात आल्यावरही त्याचं काम चालूच राहतं. अमेरिकेत सीजीसीसारख्या कंपन्या कॉमिक्सची कंडिशन तपासून ०.५ ते १० मध्ये ग्रेड देतात आणि पिनांचा गंज त्यात धरला जातो. आपल्याकडे "मिंट", "एक्सलंट", "व्हेरी गुड" हे विक्रेत्याच्या मनावर. "रीडिंग कॉपी", म्हणजे फक्त वाचण्यापुरता अंक, असं लिहिणारा माणूस मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आता ठिकाणं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडिया ही खरेदी-विक्रीची साइट बंद झाली आणि माझ्या बघण्यात तरी तेव्हापासून हा बाजार विखुरला. ईबेच्या अमेरिकी साइटवर भारतीय कॉमिक्स असतात, पण भाव डॉलरमध्ये आणि बरेचदा इंग्रजी अंक, मराठी शोधत बसावं लागतं. जाहिरातींच्या ॲपवर, जिथे लोक घरातलं जुनं सामान विकतात, तिथे कधीतरी सोनं सापडतं कारण विकणाऱ्याला फक्त माळा रिकामा करायचा असतो. पण आपल्याच शहरात असेल, जाऊन बघता येत असेल, तरच. कुरिअरने पाठवतो, आधी पैसे टाका म्हणाला तर मी विषय तिथेच संपवतो.

मग सोशल मीडियावरचे ग्रुप. सुरुवातीला कुणी मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून ग्रुपच सांगितला असता, माणसं जाणकार, गप्पा मस्त, भाव सगळ्यात कमी. आता मत बदललंय. ग्रुपवर रात्री लिलाव चालतात, त्यातल्या बोली बघितल्यात मी, तेच ते तीन-चार व्यापारी एकमेकांचे भाव वर नेतात आणि २०० चा अंक बघता बघता ९०० ला जातो. पैसे यूपीआयने आगाऊ, पावती नाही, आणि वर सांगितलेले ई-कॉमर्सचे नियम घरातले अंक विकणाऱ्या माणसाला लागू करता येत नाहीत, त्यामुळे माल खराब निघाला तर ॲडमिनच्या मर्जीवर सगळं. तरीपण ग्रुप सोडू नका, माहितीसाठी त्याला तोड नाही. कुठला अंक दुर्मिळ, कुठल्याचा भाव उगाच फुगवलाय हे तिथेच कळतं.

वेबसाइटवाले, म्हणजे जुन्या पुस्तकांची रीतसर ऑनलाइन दुकानं, महाग आहेत असं मी बरेच महिने म्हणत होतो. हिशोब मांडला तर तसं नाहीये. ग्रुपवर तोच अंक ३०० ला, पोस्टाचे ७०, आणि आत काय निघेल ते नशीब. वेबसाइटवर ६०० ला, पण पाच-सहा फोटो, पक्कं बिल, परत करायची सोय. अपुरा अंक ३७० ला घेतला तर पुरा अंक परत शोधायचाच असतो, म्हणजे खर्च तिकडेच जातो. महागातले अंक, मी तर म्हणेन हजाराच्या वरचे सगळे, फक्त बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

त्यातही १९६४ पासूनचे सुरुवातीचे, पहिले ३२ अंक वेगळ्या लक्षाने बघा. ते सगळे वेताळाचे, तेव्हा ६० पैशांना मिळायचे, आणि आता त्यांच्या मागणीमुळे स्कॅनवरून डिजिटल प्रिंट काढून मूळ म्हणून खपवायचे प्रकार चालतात. साधं भिंग घ्या आणि फुग्यातली अक्षरं बघा. मूळ छपाईत अक्षर एकाच काळ्या शाईचं असतं. स्कॅनवरून काढलेल्यात काळ्या अक्षराच्या कडेला लाल-निळे ठिपके सांडलेले दिसतात. कधी कधी आतला अंक खरा असतो आणि कव्हर तेवढं रंगीत झेरॉक्स, तेव्हा कव्हरची आतली बाजू पण बघा.

सगळ्यात समाधान मिळालं ते मात्र अनपेक्षित ठिकाणी. मराठवाड्यातले एक काका आहेत, रद्दीचा व्यवसाय, वेबसाइट नाही, ग्रुपवर नाहीत, व्हॉट्सॲपवर यादी पाठवतात तीसुद्धा हाताने लिहून फोटो काढलेली. मी सवयीने मधल्या पानाचा फोटो मागणार तेवढ्यात त्यांचा फोटो आलेला होता, अंक मधोमध उघडून, दोन्ही पिना दिसतील असा धरून, आणि खाली मेसेज, "वरची पिन थोडी गंजली आहे, पान १९ कोपऱ्यात फाटलं आहे, चालत असेल तर सांगा." पार्सल आलं ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, प्लास्टिकमध्ये, चारी बाजूंनी टेप पण अंकाला कुठे टेप लागलेली नाही. भाव ठरवताना "काका, थोडं कमी करा" म्हटलं तर पोस्टाचे पैसे सोडले. वर्षभरातला सगळ्यात चांगला व्यवहार हा.

पोस्टावरून आठवलं, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे एकेक अंक सुटा मागवणं परवडत नाही. मी आता एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा अंक जमेपर्यंत थांबतो, बहुतेक जण ठेवून देतात, फक्त विचारायला लागतं. आणि जून ते सप्टेंबर काहीच मागवत नाही. भिजलेल्या पार्सलची भरपाई कितीही मिळाली तरी तो अंक परत मिळत नाही.

अंक आल्यावर लॅमिनेशन करू नका, पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, कडक पुठ्ठा ॲसिड-फ्री मिळाला तर उत्तम. गंजलेली पिन असेल तर आधी मधल्या पानावर दुमडलेले तिचे पाय हळूच सरळ करा, बोथट चाकूने, ओढू नका. पिन काढल्यावर स्टेपलर मारू नका, त्याच दोन भोकांतून दोरा ओवून सैलसर गाठ मारा. दोरा सुती घ्या, नायलॉनचा कागद कापतो.