लेझर बोटीचा कंट्रोल लाइन किट: घ्यावा का?

जुन्या लेझरवर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट) व्हँग, म्हणजे बूम (शिडाखालचा आडवा दांडा) खाली ओढणारी दोरी-कप्प्यांची जोडणी, ३:१ चा असतो, ओढीच्या फक्त तिप्पट जोर, म्हणजे वारा वाढला की दोन्ही हातांनी लोंबकळलं तरी बूम खाली यायला तयार नाही. ते बदलायला हा व्हँग, कनिंगहॅम (शिडाची पुढची कडा खाली ताणणारी दोरी), आउटहॉल (शिडाची खालची कडा बूमवर ताणणारी दोरी) असा तिन्हींचा सेट मागवला, व्हँग १५:१, लेझर क्लासच्या शर्यतींच्या नियमात बसणारा.

फरक खरंच जाणवतो हो! मुंबई बंदरात दुपारी पश्चिमेचा वारा चढला की आता बोटीच्या कडेवर लटकूनच एका हाताने व्हँग ओढता येतो, डोलकाठी वाकते, शीड सपाट होतं, बोट कमी कलते. कनिंगहॅम ओढला की शिडाचा फुगवटा पुढे सरकतो. आउटहॉल मात्र फार ताणू नका, मी वाऱ्यासोबत जाताना सैल सोडतो आणि त्यासाठी इलॅस्टिक लागतंच, ते किटमध्ये नव्हतं, एवढे पैसे घेऊन इलॅस्टिक देत नाहीत म्हणजे कमालच.

कप्प्या बॉल बेअरिंगच्या, गुळगुळीत चालतात. दोऱ्या वेगवेगळ्या रंगाच्या आहेत हे बेस्ट, घाईत चुकीची ओढली जात नाही. पण माहितीपत्रक? एक धूसर चित्र, बस. व्हँगची दोरी कुठल्या कप्पीतून आधी घालायची ते त्यात दिसतच नाही, शेजारच्या बोटीवर बघून ओवली. टोकांना बोलाइन गाठ मारा आणि शेपटी लांब ठेवा, डायनीमाची (कृत्रिम धाग्याची) दोरी गुळगुळीत असते, गाठ सरकते.

खाऱ्या पाण्यातून आलं की कप्प्या गोड्या पाण्याने धुवा. ५ पैकी ४, इलॅस्टिकचा एक कापला.