फ्रीकोडकॅम्प: वेबसाइट बनवायला शिकायचंय ना, मग आधी हे उघडा

बारावी झालेली, बीकॉम झालेली पोरं सारखी विचारतात की वेब डिझाइन शिकायचंय, कुठला क्लास लावू, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी फी भरू नका, फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी वेबसाइट उघडा. माझी भाची यावरच शिकली आणि मी शेजारी बसून बराचसा कोर्स बघितलाय, म्हणून एवढं खात्रीने लिहितोय.

२०१४ साली क्विन्सी लार्सन यांनी अमेरिकेत सुरू केलेली ही ना-नफा संस्था आहे. अभ्यासक्रम फुकट, सर्टिफिकेट फुकट, अर्ध्यात आणून पुढचं बघायला पैसे भरा असला प्रकार नाही. सुरुवात रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनपासून करायची, म्हणजे मोबाइल असो की कॉम्प्युटर, दोन्हीवर नीट दिसणारी पानं बनवायची. त्यासाठी लागतं एचटीएमएल (पानावर काय असेल ते लिहायची भाषा) आणि सीएसएस (ते कसं दिसेल ते ठरवणारी).

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पहिल्या मिनिटापासून हाताने टाइप करावं लागतं. डावीकडे सूचना, मध्ये कोड लिहायची जागा, उजवीकडे तुमचं पान, लिहिलं की लगेच दिसतं. पहिलं पान मांजरांच्या फोटोंचं आहे, आधी एच१ टॅगमधलं (टॅग म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद असं सांगणारी एचटीएमएलची खूण) शीर्षक बदला, मग परिच्छेद, मग फोटो, आणि फोटो टाकला की लगेच ऑल्ट टेक्स्टही, म्हणजे फोटोचं शब्दांत वर्णन, लिहायला लावतात, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याचा स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते वाचून दाखवेल. पैसे घेणाऱ्या किती क्लासमध्ये हे पहिल्याच धड्यात सांगतात? पुढे कॅफेच्या मेनूवर सीएसएस, मग रंगीत चौकोनांची चित्रं काढणाऱ्या मार्क रॉथकोच्या शैलीतल्या चित्रावर मार्जिन-पॅडिंग (चौकोनाच्या बाहेरची आणि आतली मोकळी जागा), आणि फिरणारा पाळणा बनवताना अॅनिमेशन. मार्जिन आणि पॅडिंगमधला फरक त्या रंगीत चौकोनांवर जसा कळतो तसा व्याख्या पाठ करून कधीच कळला नसता. (अभ्यासक्रमात अधूनमधून बदल होतात, त्यामुळे तुम्हाला क्रम थोडा वेगळा दिसेल.)

आता कमी काय ते पण सांगतो. स्टेप्स फारच बारीक आहेत. एक ओळ लिहा, बटण दाबा, बरोबर, पुढे चला. असं करत माणूस भराभर पुढे जातो आणि रिकामी फाइल समोर आली की हात थांबतात. म्हणून खरं शिक्षण सर्टिफिकेटसाठी कराव्या लागणाऱ्या पाच प्रोजेक्ट्समध्ये आहे, सर्व्हे फॉर्म, ट्रिब्यूट पेज (एखाद्या थोर व्यक्तीवरचं पान) वगैरे, तिथे फक्त काय हवं ते सांगतात, कसं करायचं ते तुम्ही बघायचं. हे प्रोजेक्ट साइटवर न करता स्वतःच्या कॉम्प्युटरवर व्हीएस कोड (कोड लिहायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकून करा, अगदी कोऱ्या फाइलपासून, आणि झाल्यावर साइटवर पेस्ट करून तिथल्या टेस्ट पास होतायत का बघा.

आणि मजकूर मराठी घ्या! भाचीने ट्रिब्यूट पेज सावित्रीबाई फुल्यांवर केलं आणि तिथे जे शिकायला मिळालं ते कोर्समध्ये नाहीच. इंग्रजी शीर्षकाला शोभतं म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं तर मराठीत शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी पडली, ते काढून टाकावं लागलं. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडायला लागल्या, १.६ केली तेव्हा कुठे पान वाचण्यासारखं झालं. फॉन्ट गुगल फॉन्ट्सवरचा मुक्ता घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट आहे आणि छान दिसतो. शिवाय एचटीएमएल टॅगमध्ये भाषा एमआर (lang="mr", म्हणजे मराठी) लिहायची, नाहीतर पान मराठी आहे हे ब्राउझरला कळत नाही. आपल्याकडच्या दुकानांच्या, शाळांच्या, पतसंस्थांच्या साइट्स मराठीतच हव्यात ना, मग हे सगळं येणाऱ्या पोरांची गरज आहेच.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, सूचना मराठीत नाहीत. वाक्यं सोपी असतात, पण ज्यांना अगदीच जड जातं त्यांनी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, तिथे बरेच विषय मराठी आवाजात आहेत आणि तेही फुकट. एखादा टॅग अडला तर एमडीएन ही वेबच्या माहितीची साइट उघडायची, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची आहे, माहिती पक्की असते. मोबाइलवर शिकता येतं पण कंस आणि अवतरणचिन्हं टाइप करताना जीव जातो, जुना का होईना लॅपटॉप मिळवा, लायब्ररीत किंवा मित्राकडे बसा.

जावास्क्रिप्टची (पानात हालचाल, क्लिकवर काही घडणं आणणाऱ्या भाषेची) घाई नको, पाच प्रोजेक्ट होऊ द्या. तोवर एक करा, कुठलीही मराठी बातम्यांची साइट उघडा, मथळ्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट दाबा आणि त्याचा रंग, आकार बदलून बघा, रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत होतं. तयार झालेली पानं गिटहब पेजेसवर (पानं इंटरनेटवर ठेवायची सेवा) फुकट चढवता येतात. काम मागायला जाल तेव्हा सर्टिफिकेट असू द्या, पण आधी त्या पानांची लिंक पाठवा.