चुन्याची घोटीव भिंत: सांगलीच्या घरात दहा महिने

गेल्या दिवाळीनंतर आम्ही विश्रामबागेतल्या घरात हॉलची एक भिंत पॉलिश केलेल्या चुन्याच्या प्लास्टरची करून घेतली. चौदा बाय दहा, म्हणजे १४० चौरस फूट. दहा महिने झाले. मध्ये थंडी, एप्रिल-मेचा कडक उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा गेला. करायच्या आधी मी पुष्कळ शोधलं होतं, पण मिळाले ते सगळे काम संपल्या दिवशीचे फोटो. नंतर भिंत कशी राहते ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चुनाच का, ते आधी सांगते. माझं माहेर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या, नदीकाठच्या वस्तीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पुढच्या खोलीला बाबांनी नुकतंच जिप्समचं प्लास्टर करून घेतलं होतं. पूर ओसरल्यावर ते नखानं खरवडलं तरी ओल्या पिठासारखं निघत होतं. मागच्या माजघराला मात्र पणजोबांच्या वेळचा चुन्याचा गिलावा, वर नीरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा हात. आम्ही चिखलाची रेघ धुतली, दारंखिडक्या दोन-तीन महिने उघडी ठेवली, थोडा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर येणारा पांढरा क्षार, फुटला तो केरसुणीनं झाडला. भिंत होती तशी उभी. पाणी प्यायली आणि परत सोडून मोकळी झाली. तेव्हापासून माझा चुन्यावर जीव आहे.

हे प्लास्टर म्हणजे विरवून मुरवलेला चुना आणि संगमरवराची बारीक पूड. पातळ हात एकावर एक चढवायचे आणि शेवटचा पोलादी थापीनं घोटायचा. बाजारात ते व्हेनिसच्या नावानं विकतात, पण राजस्थानात याच जातीचं काम आराइश म्हणून पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. तिथे अकीकाच्या दगडानं घोटतात आणि वरून खोबरेल चोळतात. घेताना एक काळजी घ्या. मी आधी एका ठेकेदाराकडे गेले होते, त्यानं नमुना सुरेख दाखवला, पण डब्यावर बारीक अक्षरांत ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं, असं लिहिलेलं होतं. ते दिसायला छान असेल, पण माजघराच्या भिंतीसारखं वागणार नाही. डबा हातात घेऊन वाचा.

शेवटी मिरजेचे एक मिस्त्री मिळाले. मजुरीसकट चौरस फुटाला २२० रुपये, म्हणजे ३०,८०० रुपये. जुना ऑइलपेंट आणि पुट्टी खरवडायचे दोन दिवस वेगळे. गुळगुळीत पुट्टीवर चुना धरत नाही, म्हणून आधी बारीक वाळूचे कण असलेला प्रायमर मारला. चुन्याचे तीन हात झाले, दोन हातांमध्ये एकेक दिवसाचं अंतर ठेवून. पंखा बंद, खिडकीला चादर, कारण वारं लागलं की चुना वरून सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात.

शेवटच्या हाताच्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "वहिनी, आता दोन-तीन तास मला हाक मारू नका. मधी थांबलो की जोड दिसतोय बघा." थापीचे कोपरे त्यांनी कानशीनं गोल करून आणले होते, ओरखडा उठू नये म्हणून. दर पाच मिनिटांनी भिंतीला बोट लावायचे. बोटाला गार लागलं पाहिजे, पण बोटावर काही येता कामा नये. तेवढाच वेळ घोटायचा. आधी खरखर असा आवाज होता, तो हळूहळू बारीक होत गेला आणि शेवटी पाटीवर काच फिरवावी तसा झाला. मॅट भिंतीतून झिलई वर येताना मी उभी राहून बघितली. वॉर्निश नाही, मेण नाही, नुसता दाब. फिक्या रंगावर मात्र पोलादाचे करडे डाग उमटतात. आमच्या ताकाच्या रंगाच्या भिंतीवर उजवीकडे वर दोन उमटलेत. फिका रंग हवा असेल तर प्लास्टिकची थापी आणायला सांगा.

आता वापराचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, आणि ते एका आठवड्यात उरकत नाही. याचा अनुभव संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आला. चप्पल घालताना एका काकूंनी भिंतीला हात टेकला, हळदीची तीन बोटं उमटली. मी घाईनं ओलं फडकं घेऊन पुसलं आणि पिवळ्याचं लालभडक झालं! मला रडूच आलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, हळदीला चुना लागला की कुंकूच होणार." दोन महिन्यांनीही भिंतीत चुन्याचा तिखटपणा होता, आणि मी वर पाणी दिलं होतं. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, घासू नका, उन्हावर सोडा. पश्चिमेचं ऊन त्या जागेवर येतं. महिन्याभरात डाग उडाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आमच्या हळदीच्या गावात हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, पण मला माहीत नव्हतं.

लिंबाचं तसं नाही. मुलानं सरबत करताना लिंबू पिळलं आणि एक शिंतोडा भिंतीवर गेला. मी लगेच टिपला, तरी तिथली झिलई गेली ती गेलीच. आंबट चुन्याला खातं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, फरशी धुवायचं ॲसिड, सगळं लांब ठेवा. जेवणाच्या टेबलाशेजारी किंवा ओट्यामागे हे प्लास्टर करू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

जुलैत खालच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर लोणा फुटला, पांढऱ्या कापसासारखा. बाहेर त्याच जागी बागेची माती भिंतीला टेकलेली होती. ती हातभर मागे घेतली, लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, आता थांबलाय. झिलई तिथे मंद झाली, पण पोपडा एकही सुटला नाही. शेजारच्या खोलीत पुट्टीवरचा रंग याच पावसात फुगून सुटलाय. स्विचबोर्डाच्या वर मात्र एक बारीक चीर आहे. इलेक्ट्रिशियननं वायरिंगचा चर चार दिवस आधी सिमेंटनं बुजवला होता आणि तो पुरता सुकायच्या आत वर चुना चढला. तेवढाच तुकडा दुरुस्त केला तर ठिगळ दिसतं, म्हणून चीर तशीच ठेवली.

उरलेल्या मालात देवघरामागचा तीन बाय चारचा तुकडा मी स्वतः केला. लहान भिंतीवर जमतं. हातमोजे आणि चष्मा मात्र पाहिजेच. मोज्याच्या आत गेलेल्या एका थेंबानं मनगट भाजलं, त्याचा डाग अजून आहे.

परवा बाबा आले होते. चहा तसाच ठेवून भिंतीवर तळहात फिरवत राहिले, माजघराच्या भिंतीवरून फिरवायचे तसा. मग विचारलं, पुढच्या खोलीला किती येईल? पुरानंतर तिथे घाईनं सिमेंट केलं होतं, ते दर पावसाळ्यात ओल धरतं. मिस्त्री जाऊन बघून आले. सिमेंट विटेपर्यंत काढायचं, भिंत उघडी ठेवायची आणि साध्या चुन्याच्या गिलाव्यापासून सुरुवात करायची, असं ठरलंय. काम थंडीत धरू. तोवर माझ्या भिंतीला मधमाशीच्या मेणाचा एक हात देऊन होईल.